वाहतुकीच्या ग्रुपवरची माणसं

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या महिन्यात धाकटीने शाळेच्या कामासाठी मला अकरा प्रश्न पाठवले होते. आजीचा जन्म कुठे झाला, आजी शाळेत कशी जायची, आजीचा आवडता पदार्थ कोणता, असे. नववा प्रश्न होता, आजीचा देवावर विश्वास आहे का. बाकीच्या दहा प्रश्नांची उत्तरं मी नीट, पूर्ण वाक्यांत लिहिली. नवव्यापुढे लिहिलं, "आमच्या घरात देवघर आहे." हे खोटं नाही. पण मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि एखाद्या मुलाने असं बगल देणारं उत्तर लिहिलं की त्याखाली लाल रेघ मारायचे. महिनाभर ती रेघ मला माझ्याच उत्तराखाली दिसते आहे. म्हणून आता हे लिहायला बसले. थोरल्याला मराठी चांगलं वाचता येतं. अडलं तर बाबाला विचारा, पण यातलं निम्मं त्यालाही नवीन असेल.

तर नवव्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

मला आठवतं तेव्हापासून नव्हता. कोणी वाईट वागलं म्हणून नाही, किंवा काही मागितलं आणि मिळालं नाही म्हणूनही नाही. काही जणांना गाण्याचा कान नसतो, तसं. तुमच्या आजोबांचा मात्र होता. ते रोज पूजा करायचे, मी फुलं आणून द्यायचे आणि निरांजन घासायचे. आम्हां दोघांत यावरून कधी वाद झाला नाही, कारण मी कधी बोललेच नाही. ते गेले, आणि मग पहिल्यांदा मला वाटलं की हे कोणाशी तरी बोलायला हवं होतं. देवघर अजून तसंच आहे. ते त्यांचं आहे, म्हणून मी पुसते.

बोलायला माणसं मिळाली ती औषधाच्या दुकानात. चिंचवडला ज्याच्याकडून मी रक्तदाबाच्या गोळ्या घेते तो माझा जुना विद्यार्थी. एकदा माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. "देवाच्या दयेने शुगर उतरली बुवा," ते म्हणाले. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "गोळीच्याही." गृहस्थांना ऐकू गेलं नाही. दुकानदाराला गेलं. गृहस्थ गेल्यावर त्याने गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्यातल्या का?"

"तुमच्यातल्या म्हणजे?"

"नसाल तर राहू द्या. असाल तर एक ग्रुप आहे."

नेटवर देव न मानणाऱ्या मराठी लोकांचं एक मोठं पान होतं. त्यावर हजारो माणसं, आणि दिवसभर एकमेकांना मूर्ख ठरवण्याचं काम. त्याला कंटाळून पिंपरी ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या काही जणांनी फोनवर आपला वेगळा छोटा ग्रुप केला होता. दुकानदार त्याचा चालक. त्याने मला त्यात घेतलं आणि मी फोनवर नाव पाहिलं: "चाकण-पिंपरी वाहतूक माहिती". मला वाटलं त्याने चुकून भलत्याच ठिकाणी घातलं.

चुकून नव्हतं. ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी घरी काही सांगितलेलं नाही. फोन घरात सगळ्यांच्या हाताला लागतो, म्हणून हे नाव. गंमत पुढे आहे. भोसरीच्या एका सभासदाच्या सासूबाईंनी ते नाव पाहिलं आणि रोज सकाळी विचारू लागल्या, "जावईबापू, आज मोशीपर्यंत रस्ता कसा आहे?" त्याला ग्रुपवर विचारावं लागे, आणि कोणाला तरी उत्तर द्यावं लागे. मग तशी सवयच पडली. कंपनीच्या बसमधून, रिक्षातून, उड्डाणपुलाखालून माणसं खरोखरची वाहतूक कळवू लागली. सहा महिन्यांत या पट्ट्यात इतकी भरवशाची बातमी दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. घेतलेल्या खोट्या नावालाही जागणारी ही माणसं मला तिथेच आवडली.

मी कोणाचं नाव लिहिणार नाही. कारण वर सांगितलंच. पण तिघांची ओळख करून देते. दुकानदार तुम्हाला कळला. दुसरी पुनावळ्याची मुलगी. मूळची नांदेडकडची, आयटीत कामाला, मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. तिसरा महाळुंग्याचा फिटर. चाळिशीचा, शेतकरी घरातला. जमीन बरीचशी कंपन्यांत गेली, उरलेल्या जागेवर भाऊ खोल्या बांधून कामगारांना भाड्याने देतो, आणि हा चाकणला एका कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. फिटर टाइप करत नसे. तो बोलून पाठवायचा, आणि त्याच्या प्रत्येक निरोपात मागून देवळाचा भोंगा ऐकू यायचा. "आमचं घर देवळाच्या भित्तीला भित लावून हाय," तो म्हणायचा, "जगात देवाच्या सगळ्यात जवळचा नास्तिक मीच."

त्यांचं बोलणं कसं असायचं ते सांगते. देव आहे की नाही यावर फारसं कोणी बोलत नसे. तो विषय त्यांच्यासाठी संपला होता. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारखान्यांत मशिनींची पूजा होते. त्या दुपारी पहिली पाळी सुटल्यावर फिटरचा निरोप आला:

"आज आमच्या लायनीवर काय झालं ऐका. सायबानं मशिनीला हार घातला. हार बरुबर शेन्सरच्या म्होरं. मशीन म्हनती माझ्यापुडं मानूस हुबा हाय, मी काय चालनार न्हाई. अर्धा तास समदी शोधत्यात, फॉल्ट कुठं हाय, फॉल्ट कुठं हाय."

"मग हार कोणी काढला?" पुनावळ्याच्या मुलीने विचारलं.

"मीच. दुसरं कोन हात लावंना. म्हनले पाप लागंल."

"लागलं का भावा?" दुकानदाराने विचारलं.

"लागलं की. चारदा धुतलं तरी हाताचा गोंड्याचा वास जाईना."

गणपतीत पुनावळ्याच्या मुलीने लिहिलं, "घरमालकीण काकूंकडे मोदक वळायला चाललेय. मला ग्रुपमधून काढणार का?"

दुकानदार म्हणाला, "खाणार किती त्यावर आहे."

"अकरा."

"मग राहा. अकरा मोदक खाणाऱ्याला मत नसतं, नुसतं पोट असतं."

मी हसून हसून चष्मा काढून ठेवला. आजोबा गेल्यानंतर मी घरात एकटीने असं हसले नव्हते. पण मला नुसती थट्टा आवडली असं नाही. एकदा दुकानदार एका लशीबद्दल काहीतरी ठासून बोलला. पुनावळ्याच्या मुलीने विचारलं, हे कुठे वाचलं. तासाभराने त्याने लिहिलं, "माझं चुकलं. पुन्हा वाचून आलो." तीस वर्षांच्या शिक्षकखोलीत हे वाक्य मी जेमतेम दोनदा ऐकलं. इथे महिन्यातून दोनदा तरी यायचं. फिटर तर बारावी झालेला माणूस, पण पाळी सुटली की बसमध्ये ग्रहणांबद्दल, जंतूंबद्दल वाचत यायचा आणि न समजलेलं मला विचारायचा. मी इंग्रजीचा अर्थ सांगायचे, विज्ञान तो मला सांगायचा.

आता दोष सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. ही माणसं शब्दांवर फार कडक होती. तिथे "देवाच्या कृपेने" लिहिलं की दहा जण धावून येत. एकदा एक प्रसिद्ध नट वारला. भोसरीच्या जावईबापूंनी, ज्यांच्या सासूबाई रस्ता विचारायच्या, सवयीने लिहिलं, "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." मग काय.

"कोणता ईश्वर? पत्ता टाका."

"आत्म्याचं लोकेशन पाठवा राव."

"शांती द्यायची तर आधी त्या भोंग्यापासनं द्या," हा फिटर. तो सगळ्यांत जास्त सुटला होता. एकामागून एक चार निरोप त्याने पाठवले. जावईबापूंनी एक हसरं चित्र टाकलं आणि पुढे बरेच दिवस रस्त्याखेरीज काही लिहिलं नाही. मीही तेव्हा हसले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते.

त्यानंतर दोनेक महिने गेले असतील. एका मंगळवारी सकाळी साडेआठला मी चहा घेत होते आणि फिटरचा निरोप आला. बोललेला नव्हता, लिहिलेला होता. त्याचा तो पहिला लिहिलेला निरोप.

"आई गेली. सकाळी सहाला."

मी कप खाली ठेवला. काय लिहावं? बोटं आपोआप "ईश्वर" पर्यंत गेली. पुसलं. "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं, आणि वाटलं, आता यातली श्रद्धा कोणीतरी काढेल. पुसलं. मग "ऐकून फार वाईट वाटले" असं लिहिलं. ते शाळेच्या शिपायाने आणून दिलेल्या चिठ्ठीसारखं वाटलं. तेही पुसलं. इतकी वर्षं मी मुलांना शोकपत्रं लिहायला शिकवली होती.

फोनवर निरोप किती जणांनी वाचला ते दिसतं. तेहतीस जणांनी वाचला होता. वर सारखं दिसत होतं, अमका लिहितो आहे, तमकी लिहिते आहे. मग ते बंद व्हायचं. लोक लिहीत होते आणि पुसत होते. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. साडेनऊनंतर एकाने, ज्याने वरचं वाचलंच नव्हतं, टाकलं, "मोशीजवळ कंटेनर बंद पडलाय, डावीकडून घ्या." त्यालाही कोणी काही म्हटलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर बारीक अक्षरांत ओळ उमटली, की फिटर ग्रुप सोडून गेला.

तुम्हाला हे फोनवरचं क्षुल्लक वाटेल. तसं नव्हतं. महाळुंग्यासारख्या गावात भावकीतला एक माणूस पूजेला बसत नाही, नवस बोलत नाही, जत्रेला नारळ फोडत नाही, तेव्हा तो हळूहळू एकटा पडतो. लोक वाईट वागतात असं नाही, पण त्याला विचारणं सोडतात. फिटरने ते पत्करलं होतं आणि ते आमच्या भरवशावर पत्करलं होतं. गाव आईसाठी आज येईल. त्याच्यासाठी कोण येणार होतं? आणि आम्ही तेहतीस जण शब्द शोधत बसलो होतो. तो परत आला नसता तर आमचा एक सभासद कमी झाला असता. त्याचं मात्र सगळंच गेलं असतं, गावही आणि आम्हीही.

दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, तो फोन उचलत नाही. काय लिहू त्याला? तुम्ही सांगा, तुम्ही भाषेच्या."

"काही लिहू नकोस. गाडी आहे ना?"

"आहे."

"मग जायचं."

"त्याचं घर कोणालाच माहीत नाही."

"देवळाच्या भिंतीला भिंत लावून आहे."

त्याने तिकडे कोणाला तरी दुकान सांभाळायला सांगितलं. मग म्हणाला, "आणि जाऊन म्हणायचं काय?"

"पिठलं-भाकरी न्यायची. मरण झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे करून नेतात. कडू घास म्हणतात त्याला."

"पण मॅडम, आपण सुतक मानत नाही."

"भूक मानतोस ना?"

पुनावळ्याच्या मुलीने त्या दिवशी रजा टाकली आणि स्कूटरवरून ज्वारीचं पीठ घेऊन माझ्याकडे आली. माझ्या भाकरीला कधीच काठ धरत नाही, हे तुमच्या बाबाला विचारा. मी पिठलं हलवलं, तिने भाकरी थापल्या. दहा झाल्यावर मी म्हटलं, "पुरे आता."

"घर किती जणांचं?"

"भाऊ, भावजय, पोरं, पाहुणे. माहीत नाही."

"मग कामून पुरे म्हणायलाव, आजी? पीठ आहे अजून. आमच्याकडे मेलेल्याच्या घरी मोजून नेत नाहीत." ती भाकरी उलटून म्हणाली, "मी सकाळी सात वेळा लिहिलं. सात वेळा पुसलं. आपण जास्तच हुशार झालो की काय."

वीस भाकरी झाल्या. त्या धुतलेल्या कापडात बांधल्या, पिठल्याचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, कांदे आणि ठेचा वेगळा घेतला, आणि चार वाजता आम्ही तिघं निघालो.

महाळुंग्यात शिरल्यावर दुकानदाराने काच खाली करून एका माणसाला विचारलं, "भाऊ, देऊळ कुठं आहे?"

"कंचं? मारुतीचं, भैरवनाथाचं, का नवं?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "ज्याचा भोंगा सगळ्यात मोठा आहे ते."

माणसाला काही नवल वाटलं नाही. त्याने हात केला. "सरळ जावा, डाव्या हाताला. मयतीला आलाय व्हय?"

अंगणात ताडपत्री घातली होती. अंत्यविधी दुपारीच उरकला होता. पुरुष माणसं बसली होती, बायका ओट्यावर. कोपऱ्यात ट्रॅक्टर. आम्ही आत शिरलो तसं सगळ्यांनी वळून पाहिलं. एक पांढरी साडी नेसलेली म्हातारी, जीन्समधली मुलगी आणि इस्त्रीच्या शर्टातला दुकानदार. फिटर कसा दिसतो हेही आम्हाला माहीत नव्हतं, फोनवर त्याच्या चित्राच्या जागी एक पाना होता.

एक उंच माणूस उठून पुढे आला. फिटरचा मोठा भाऊ. "कोन पाव्हणं म्हनायचं?"

खरं सांगितलं तर त्याची उरलीसुरली जागाही जायची. दुकानदाराने घसा साफ केला. "आम्ही वाहतुकीच्या ग्रुपवरचे."

"ट्राफिकवाले? पोलीस का काय?"

"नाही नाही. आपलं, एकमेकांना रस्त्याची माहिती देतो."

भावाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गाठोड्याकडे. आणि आत हाक मारली. आतून एक ठेंगणा, सावळा माणूस बाहेर आला आणि दारातच थांबला. तो तोंडातून काही बोलायच्या आधीच मुलगी म्हणाली, "दादा, मी पुनावळ्याची." आवाजावरून त्याने ओळखलं. मग मी बोलले, मग दुकानदार. तो एकेकाचा आवाज ऐकत होता आणि चेहरे बघत होता. तो आम्हाला आणि आम्ही त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. मग तो मटकन उंबऱ्यावर बसला आणि रडला. मला वाटतं सकाळपासून रडला नव्हता.

भावजय पुढे आल्या, गाठोडं घेतलं, उघडून बघितलं. "चार भाकरी असत्यात म्हनलं, ह्यो तर ढीग हाय. कुनी केल्या?"

मुलीने हात वर केला, वर्गात करतात तसा. भावजयींनी एक भाकरी उचलून पाहिली. "चांगल्या थापल्या. पातळ हायती." मग पोरांना हाका मारून बसवलं.

फिटर आम्हाला ट्रॅक्टरपाशी घेऊन गेला. "म्या लई वाट बघितली," तो म्हणाला. "फोन हातात धरून बसलो व्हतो. आई तिकडं, अन् म्या फोनकडं बघतोय. म्हनलं कायबी लिव्हत्याल. कुनीच न्हाई. मंग ते कंटेनरचं आलं."

मुलीने आपला फोन काढून त्याच्यापुढे धरला. आठव्यांदा लिहिलेलं आणि न पाठवलेलं तिने तसंच ठेवलं होतं. एकच अर्धी ओळ होती: "दादा, मला काय लिहायचं कळत नाही, पण मी". तो ते बराच वेळ वाचत होता.

"येवढं पाठीवलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पर माजंच हाय की हे. त्या भोसरीवाल्याला म्याच झापलं व्हतं. मंग कोन कशाला लिव्हल."

आम्ही निघायला लागलो तेव्हा मोठा भाऊ गाडीपर्यंत आला. दुकानदाराने "काही लागलं तर सांगा" वगैरे म्हटलं. भाऊ मला म्हणाला, "बाई, ते ट्राफिकचं मला सांगू नगा. त्येचा मोबाइल मी बी बगतो. तुमीच ती देव न मानणारी."

मी म्हटलं, "हो. आम्हीच."

"म्हनलं व्हतं त्येला. ती मान्सं फोनातलीच, फोनातच ऱ्हायची. दाराला कुनी येनार न्हाई." त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला. "तुमी आला. बरं झालं."

मी विचारलं, "दहाव्याला त्याने केस काढले नाहीत, पिंडाला बसला नाही, तर चालेल तुम्हाला?"

"भावकी बोलंल. ते मी बगीन. पिंडाचं मी करनार हाय, थोरला मीच हाय. त्येनं खुर्च्या लावाव्या, पान्याचं बगावं. आईचं काम करायला मंत्र कशाला लागत्यात?" आणि मग हळूच, "तुमी दहाव्याला येनार का?"

आम्ही गेलो. नऊ जण गेलो या वेळी, कोणी पाळी बदलून, कोणी अर्धी रजा टाकून. फिटर डोक्यावर केस घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, घाटावर खुर्च्या लावत होता. शंभरेक खुर्च्या. लावून झाल्या की पाण्याचे ग्लास. एक चुलते काहीतरी पुटपुटले, तेव्हा मोठा भाऊ पाटावरूनच म्हणाला, "काका, त्येला काम करू द्या. तुमाला खुर्ची मिळाली न्हवं?" काका बसले.

मी खूप शिकलेली माणसं पाहिली आहेत. ज्यांच्यासाठी देव आहे अशी, आणि नाही अशीही. या दोन भावांइतकं एकमेकांना सांभाळून घेणं फार थोड्यांत पाहिलं.

फिटर ग्रुपवर लगेच परत आला नाही. दुकानदार रोज विचारायचा, त्याला पुन्हा घालू का. मी म्हणायचे, थांब, त्याला स्वतः येऊ दे. तीन आठवड्यांनी त्यानेच दुकानदाराला सांगितलं, घ्या मला परत. आल्यावर पहिला निरोप त्याने भोसरीच्या जावईबापूंसाठी पाठवला. या वेळी बोललेला होता, आणि मागे भोंगा होताच.

"भोसरीवाले भाऊ, त्या दिशी म्या तुमाला लई बोल्लो. तुमी लिव्हलं ते मला आजबी पटत न्हाई. पर तुमी लिव्हलं तरी व्हतं. आमी समदी शानी, अन् येळंला एकाच्याबी तोंडातनं शब्द फुटला न्हाई. माफी करा."

जावईबापूंनी लिहिलं, "चालायचंच राव. तुमच्या आईचं वय किती होतं?"

एवढाच प्रश्न. पण त्यावर फिटर बोलू लागला. आई वांग्याच्या रोपांना पहाटे राख कशी टाकायची, कंपनीच्या भोंग्यावर गाईला चारा कशी घालायची, यात्रेला त्याच्या वाटचा नारळ स्वतः गुपचूप फोडून यायची आणि त्याला सांगायची नाही. सहा-सात निरोप आले. कोणी मध्ये चेष्टा केली नाही. शेवटी त्यानेच म्हटलं, "आता बास. नायतर तुमी म्हनाल, आईची आरती लावली."

मग त्यानेच एक गोष्ट मांडली आणि ती सगळ्यांनी मान्य केली. कोणाच्या घरी मरण झालं तर ग्रुपवर काही लिहायचं नाही. फक्त "कळलं" एवढंच लिहायचं, म्हणजे त्या माणसाला समजेल की निरोप पोचला. मग जो सगळ्यात जवळ राहतो त्याने फोन करायचा, आणि संध्याकाळच्या आत घरी भाकरी पोचली पाहिजे. घरच्यांनी विचारलं तर वाहतुकीचे म्हणून सांगायचं. त्यांना आधीच माहीत असेल तर खरं तेच सांगायचं. शब्दांवरची भांडणं थांबली असं मात्र समजू नका. कालच "योगायोग" या शब्दावरून दोन तास चाललं होतं, आणि त्यात मीही होते.

त्यानंतर चार वेळा डबा गेला. एकदा दुकानदाराच्या सासऱ्यांसाठी, एकदा निगडीला, एकदा भोसरीला त्या सासूबाई गेल्या तेव्हा. त्या दिवशी भाकरी फिटरच्या भावजयींनी करून दिल्या होत्या आणि पाहुण्यांना फिटरने पाणी वाढलं. चौथा गेल्या आठवड्यात कुरुळीला गेला. मी पिठलं केलं, भाकरी पुनावळ्याच्या मुलीच्या.

काही जण गावी गेले, काहींनी नोकरी बदलली, दोघं नुसतेच गप्प झाले. आता ग्रुपवर एकोणतीस जण आहेत. डबा नेण्याची पद्धत चालू आहे.